डिव्हाइस डिटेक्ट होत नाही म्हणून चोवीस शब्द कुठेही टाकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिक रोडला गेली सोळा वर्षं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान चालवतो. विंडोज टाकणं, एसएसडी बसवणं, कोणाचा प्रिंटर चालू करून देणं हेच रोजचं काम. क्रिप्टोतला, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांतला, मी तज्ज्ञ नाही आणि कोणी ते घ्यावं की घेऊ नये यावर मला काही बोलायचंही नाही, पण दोन-तीन वर्षांपासून दुकानात एक नवीन वस्तू यायला लागलीये, पेनड्राइव्हसारखी दिसते, वर छोटी स्क्रीन आणि दोन बटणं, त्याला हार्डवेअर वॉलेट म्हणतात, क्रिप्टोची चावी त्यात असते, आणि ते घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचं वाक्य तेच असतं, "दादा, हे डिटेक्ट होत नाहीये." या एका वाक्यापासून पुढच्या अर्ध्या तासात लोकांची आयुष्यभराची पुंजी जाऊ शकते हे मी डोळ्यांनी बघितलं, थोडक्यात वाचलं ते, म्हणून हे पत्र लिहितोय.

मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला एक काका आले, रिटायर्ड सरकारी नोकर, आमचे जुने गिऱ्हाईक. खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि हातात मेडिकलच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, त्यात ते डिव्हाइस आणि चार घड्या घातलेला एक कागद. काउंटरवर कागद उलगडला आणि म्हणाले, "तुझे डोळे चांगलेत, हा अठरावा शब्द काय आहे तेवढा वाचून दे." मुलाने कॅनडाला जायच्या आधी पेनने लिहून ठेवलेले चोवीस इंग्रजी शब्द होते, म्हणजे त्या वॉलेटची चावीच, अठराव्यावर पाणी पडून शाई पसरलेली, क्यू यू आय एवढंच लागत होतं.

मी म्हटलं काका हा कागद आधी घडी घाला आणि खिशात ठेवा, आणि मला सांगा शब्द कशाला पाहिजे. तर त्यांनी लॅपटॉप उघडला. स्क्रीनवर एक पेज, कंपनीचा लोगो, कंपनीचाच रंग, आणि खाली चोवीस रिकामे चौकोन. त्यातले सतरा भरलेले. खाली कोपऱ्यात रिमोटचं ॲप चालू, म्हणजे पलीकडे कोणीतरी बसून हे सगळं बघतोय. मी पहिल्यांदा मोबाइलचा हॉटस्पॉट बंद करायला लावला आणि लॅपटॉपचं पॉवर बटण दाबून धरलं. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. पलीकडचा माणूस हिंदीत अगदी नम्रपणे, सर कनेक्शन गेलं वाटतं, सातच शब्द राहिलेत, पूर्ण करून घेऊ. काकांनी फोन ठेवला तर परत वाजला. मी मोजले, तासाभरात नऊ वेळा.

त्या डागाने काकांना वाचवलं. तो शब्द नीट वाचता आला असता तर ते माझ्याकडे आलेच नसते.

झालं काय होतं ते काकांनी सांगितलं. मुलाचा निरोप होता की अधूनमधून जोडून बॅलन्स बघत जा. त्यांनी जोडलं, डिव्हाइसचा लाइट लागला, पण कॉम्प्युटरवर काही दिसेना. कॅनडात रात्र, मुलगा झोपलेला. मग त्यांनी गूगलवर टाकलं वॉलेट डिटेक्ट होत नाही, सगळ्यात वर जी जाहिरात आली तिच्यात हेल्पलाइन नंबर होता, फोन लावला, पलीकडच्याने रिमोटचं ॲप टाकायला लावलं आणि म्हणाला तुमचं वॉलेट व्हॅलिडेट करावं लागेल. व्हॅलिडेट, सिंक्रोनाइझ, रेक्टिफाय असले शब्द वापरून चोवीस शब्द मागितले की समजायचं समोर चोर आहे. दुसरी शक्यताच नाही.

आणि डिटेक्ट का होत नव्हतं? काकांनी लावलेली केबल दाढीच्या ट्रिमरची होती. ओरिजिनल केबल घरात कुठेतरी गेली, ट्रिमरचा पॉइंट त्यात बसला, लाइटही लागला, मग त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. पण ट्रिमरच्या, स्पीकरच्या, स्वस्त चार्जरच्या बऱ्याच केबलींमध्ये फक्त करंटच्या दोन वायरी असतात, डेटाच्या वायरी नसतातच. करंट जातो म्हणून स्क्रीन पेटते, डेटा जात नाही म्हणून कॉम्प्युटरला ते दिसत नाही. मी ड्रॉवरमधून एक चांगली डेटा केबल काढून आमच्या स्वच्छ लॅपटॉपला लावली, काकांनी डिव्हाइसवर पिन टाकला आणि दोन सेकंदांत दिसलं. शंभर रुपयांच्या केबलपायी एवढं सगळं.

म्हणून वाचकांना पहिली विनंती, डिटेक्ट झालं नाही तर घाबरू नका, पैसे कुठेही गेलेले नसतात. आधी केबल बदला, डिव्हाइससोबत आलेली असेल तर तीच घ्या. डेस्कटॉप असेल तर सीपीयूच्या पुढच्या पॉइंटला लावू नका, ते ढिले झालेले असतात, मागच्या पॉइंटला थेट लावा, मध्ये यूएसबी हब नको. डिव्हाइसवर पिन टाकलाय का बघा, लॉक असेल तर काहीच हलत नाही. लेजर कंपनीच्या डिव्हाइसमध्ये तर ब्राउझरमधून व्यवहार करताना त्या त्या नाण्याचं ॲप डिव्हाइसवर उघडावं लागतं, बिटकॉइनचं काम असेल तर बिटकॉइनचं ॲप, ते न उघडता कितीही वेळ बसलात तरी उपयोग नाही. आणखी एक, कंपनीचं ॲपही चालू आणि ब्राउझरमधलं वॉलेटही चालू असेल तर दोघं त्या एकाच डिव्हाइससाठी भांडतात आणि कोणालाच मिळत नाही, एक बंद करा. लिनक्स वापरणाऱ्यांना यूडेव्ह रूल्स, म्हणजे डिव्हाइस वापरायची परवानगी देणारी सेटिंग, टाकावे लागतात, त्याची माहिती कंपनीच्या साइटवर असते. यातल्या एकाही कारणावर इलाज म्हणून चोवीस शब्द लागत नाहीत, एकाही नाही.

आता हे शब्द म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण लोक याला पासवर्ड समजतात आणि पासवर्ड तर सगळीकडे टाकायचाच असतो असं त्यांना वाटतं. हार्डवेअर वॉलेटमध्ये नाणी नसतात, नाण्यांची चावी असते, आणि ही चावी डिव्हाइसच्या बाहेर कधीच येत नाही यासाठीच ते बनवलंय. व्यवहार करताना कॉम्प्युटर कच्चा कागद तयार करून डिव्हाइसकडे पाठवतो, डिव्हाइस आतल्या आत त्यावर सही करतं आणि फक्त सही केलेला कागद बाहेर देतं. त्यामुळे कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असला तरी त्याला चावी मिळत नाही. ट्रेझर नावाचं पहिलं असं डिव्हाइस चेक देशातल्या प्रागच्या कंपनीने २०१४ मध्ये विकायला काढलं, लेजर ही पॅरिसची कंपनीही त्याच वर्षी सुरू झाली, माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांकडे या दोनपैकीच एक असतं. आणि चोवीस शब्द म्हणजे ती चावीच, शब्दांत लिहिलेली. २,०४८ इंग्रजी शब्दांची एक ठरलेली यादी आहे, त्यातले हे चोवीस, ठरलेल्या क्रमाने. डिव्हाइस हरवलं, फुटलं, पाण्यात पडलं तरी या शब्दांवरून दुसऱ्या डिव्हाइसवर सगळं परत मिळतं. म्हणजेच ज्याच्याकडे शब्द त्याचे पैसे, मग त्याच्याकडे तुमचं डिव्हाइस असो नाहीतर नसो. एवढं महागाचं डिव्हाइस घेऊन चावी कॉम्प्युटरपासून लांब ठेवायची आणि मग तीच चावी स्वतःच्या हाताने कीबोर्डवर टाइप करायची, याला काय अर्थ राहिला?

शब्द टाकायची वेळ क्वचितच येते, डिव्हाइस नव्याने सेट करताना, पुसून परत चालू करताना किंवा शब्द तपासताना, आणि तेव्हा ते डिव्हाइसच्या बटणांनी डिव्हाइसच्या स्क्रीनवर टाकायचे. एक अपवाद सांगून ठेवतो नाहीतर कोणी मला खोटं पाडेल, ट्रेझरचं सगळ्यात जुनं दोन बटणांचं मॉडेल आहे त्यात शब्द कॉम्प्युटरवर टाकावे लागतात, पण तिथेही कितवा शब्द टाकायचा ते डिव्हाइस आपल्या स्क्रीनवर उलटसुलट क्रमाने सांगतं, म्हणजे कॉम्प्युटरला क्रम कळत नाही. एकापाठोपाठ एक चोवीस चौकोन दाखवणारं पेज मात्र कुठल्याही मॉडेलसाठी असो, फसवणूकच.

काकांच्या बाबतीत सतरा शब्द पलीकडे गेले असं धरूनच चालायचं होतं. असल्या पेजवर सबमिटचं बटण दाबायची वाट बघत नाहीत, टाइप केलेलं अक्षर न अक्षर तिकडे जाऊ शकतं, आणि वरून रिमोटवर तो बघतच होता. उरलेले सात शब्द नुसत्या अंदाजाने काढणं काही सोपं नाही, २,०४८ ला २,०४८ ने सहा वेळा गुणल्यावर होईल तेवढे प्रकार होतात, पण अर्ध्याहून जास्त चावी चोराच्या हातात देऊन कोण शांत झोपेल? नवीन शब्द बनवून सगळी नाणी तिकडे हलवायची असं ठरलं. डिव्हाइस मात्र एकच, म्हणून तेच पुसून नवीन शब्द बनवायचे होते.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पोऱ्याला चहा आणायला पाठवलं आणि काउंटरच्या वर जो सीसीटीव्हीचा कॅमेरा आहे त्याच्यावर हात पुसायचं फडकं टाकलं. हे मुद्दाम सांगतोय कारण लोक आमच्यासारख्या दुकानात, सायबर कॅफेत, ऑफिसात बसून हे शब्द लिहितात आणि डोक्यावर कॅमेरा आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. मी काकांना म्हटलं, मी खुर्ची फिरवून बसतो, शब्द तुम्ही टाका, मला दाखवू नका, मी चांगला माणूस आहे म्हणूनही दाखवू नका.

पण डिव्हाइस पुसायच्या आधी जुने शब्द पक्के माहीत असायला हवे होते, नाहीतर नाणी कायमची गेली असती. डिव्हाइस न पुसता शब्द बरोबर आहेत का ते तपासायची सोय यात असते. क्यू यू आय वरून सुरू होणारे यादीत तीनच शब्द, क्विक, क्विट आणि क्विझ. शब्द पहिल्या चार अक्षरांत ओळखू यावा अशीच ती यादी केलेली आहे म्हणून बरं झालं. काकांनी दोन बटणांवर एकेक अक्षर फिरवत चोवीस शब्द टाकले, नाही जमलं, दुसऱ्यांदा टाकले, नाही, तिसऱ्यांदा स्क्रीनवर बरोबरची खूण आली तेव्हा त्यांचा हात कापत होता. कुठला शब्द होता ते मी विचारलं नाही.

मग डिव्हाइस पुसलं, नवीन चोवीस शब्द बनवले, नवीन कागदावर बॉलपेनने लिहिले, परत एकदा तपासून घेतले. नवीन वॉलेटचा बिटकॉइनचा पत्ता डिव्हाइसच्या स्क्रीनवर काढला, बेचाळीस अक्षरं, ती सगळी वहीत उतरवली. परत पुसलं, जुने शब्द टाकले, नाणी दिसली, वहीतल्या पत्त्यावर आधी थोडीशी पाठवून बघितली. पाठवताना डिव्हाइसच्या स्क्रीनवर पत्ता येतो तो काका चार चार अक्षरं करून मोठ्याने वाचत होते आणि मी वहीत बोट ठेवून बघत होतो, लहानपणी शाळेत शुद्धलेखन तपासायचो तसं. कन्फर्म झाल्यावर बाकीची पाठवली. मग तिसऱ्यांदा पुसून नवीन शब्द टाकले आणि बॅलन्स बघितला. सगळं जागेवर होतं. दुकान उघडलं तेव्हा चार वाजून गेले होते, मधल्या वेळात आलेली चार गिऱ्हाइकं परत गेली, जाऊ दे.

काका साधे आहेत म्हणून फसत होते असं कोणी समजू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या स्टोअरमध्ये लेजरचं खोटं ॲप आलं होतं, खऱ्या स्टोअरमधून घेतलंय म्हणून लोकांनी विश्वासाने शब्द टाकले आणि सोळाहून जास्त बिटकॉइन गेले. २०२१ मध्ये ॲपलच्या स्टोअरमध्ये ट्रेझरच्या नावाचं खोटं ॲप होतं, एका माणसाचे सतरा बिटकॉइन त्यात गेले. त्याच्या आधी २०२० मध्ये लेजरच्या गिऱ्हाइकांची यादी चोरीला गेली आणि जवळपास २ लाख ७२ हजार लोकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर इंटरनेटवर पडले. पुढच्या वर्षी त्यातल्या काहींच्या घरी कुरिअरने चक्क नवीन डिव्हाइस आलं, पॅक केलेलं, सोबत पत्र की तुमचं जुनं सुरक्षित नाही हे वापरा, आत मात्र चोरांनी आपला पार्ट जोडलेला. एप्रिल २०२५ मध्ये परत लोकांच्या घरी कंपनीच्या लेटरहेडसारखी पत्रं गेली, क्यूआर कोड स्कॅन करून शब्द टाका म्हणून. म्हणजे ईमेल खोटा असतो हे कळणारा माणूससुद्धा पोस्टाने आलेल्या छापील पत्राला फसतो. मी स्वतः कदाचित फसलो असतो.

म्हणून ॲप घ्यायचं तर कंपनीच्या साइटवरूनच, आणि साइटचा पत्ता हाताने टाइप करायचा, लेजर डॉट कॉम किंवा ट्रेझर डॉट आयओ, गूगलवर शोधून पहिल्या लिंकवर क्लिक करायचं नाही कारण पहिली लिंक बऱ्याचदा जाहिरात असते. या कंपन्या स्वतःहून फोन करत नाहीत. डिव्हाइस सेकंडहँड घ्यायचं नाही, आणि डब्यात शब्द आधीच छापून आले असतील, स्क्रॅच कार्डवर वगैरे, तर ते डिव्हाइस वापरूच नका, ईबे या खरेदी-विक्रीच्या साइटवरून घेतलेल्या अशा डिव्हाइसमुळे २०१८ मध्ये एकाचे पैसे गेलेत. शब्द नेहमी डिव्हाइसने तुमच्यासमोर बनवायला हवेत.

दुसरी मोठी गोष्ट त्या छोट्या स्क्रीनची. लोकांना वाटतं डिव्हाइस जोडलं की सगळं सेफ. चावी सेफ असते, पण सही कशावर होतेय ते तुम्हालाच बघावं लागतं. आपल्या गावाकडे कोऱ्या कागदावर सही करून जमिनी गेलेली घरं प्रत्येकाला माहितीयेत, सही खरीच होती ना, अंगठाही खराच, मजकूर नंतर भरला. इथेही तसंच आहे. कॉम्प्युटरमध्ये असा व्हायरस असतो की तुम्ही पत्ता कॉपी केला की पेस्ट करताना तो चोराचा पत्ता टाकतो, मोठ्या स्क्रीनवर नजर फिरवली तर फरक कळत नाही. डिव्हाइसच्या स्क्रीनवर मात्र खरा पत्ता येतो, जिकडे पैसे जाणार आहेत तोच. तिथे पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून लोक ओके दाबतात, ते पुरेसं नाही, पुढची मागची अक्षरं जुळतील असे पत्ते चोर बनवतात आणि तुमच्या जुन्या व्यवहारांच्या यादीत एखादा फुकटचा व्यवहार करून घुसवून ठेवतात, म्हणजे तुम्ही पुढच्या वेळी तिथूनच कॉपी कराल. पूर्ण वाचा. बेचाळीस अक्षरं वाचायला एक मिनिट लागतं.

मोठ्या कंपन्याही यात गेल्या. मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजमधून १८ जुलै २०२४ ला साधारण २३ कोटी डॉलर गेले, आपल्या पैशात दोन हजार कोटींच्या आसपास, कितीतरी मराठी पोरांचे पैसे त्यात अडकले. कंपनीनेच सांगितलं होतं की सही करणाऱ्या त्यांच्या तिघांकडे हार्डवेअर वॉलेट होतं, पण समोर दिसत होतं एक आणि सही झाली भलत्यावर. मग २१ फेब्रुवारी २०२५ ला दुबईच्या बायबिट या एक्स्चेंजमध्ये त्याच पद्धतीने जवळपास १५० कोटी डॉलर गेले, तिथेही सही हार्डवेअर वॉलेटवरच, कॉम्प्युटरवर दिसणारं पेजच बदललेलं होतं. अमेरिकेने दोन्हींचा ठपका उत्तर कोरियावर ठेवलाय. डिव्हाइसवर व्यवहाराचा अर्थ न दिसता नुसते आकडे-अक्षरं येतात आणि माणूस ओके दाबतो, याला ब्लाइंड सायनिंग म्हणतात, आंधळी सही. आपल्यासारख्या साध्या माणसाने सेटिंगमध्ये ते बंदच ठेवावं आणि डिव्हाइसवर जे कळत नाही त्याला नाही म्हणावं, नाही म्हटल्याने काही जात नाही.

आता कॉम्प्युटरचं, आणि इथे मला आमच्याच धंद्यातल्या भावांना बोलावं लागतंय. आपण गिऱ्हाइकाला स्वस्तात पडावं म्हणून क्रॅक विंडोज टाकतो, ॲक्टिव्हेटर चालवायला अँटिव्हायरस बंद करतो, फोटोशॉपचा क्रॅक, ऑफिसचा क्रॅक टाकतो. यातल्या कित्येक क्रॅकसोबत इन्फोस्टीलर येतो, तो ब्राउझरमधले पासवर्ड, डेस्कटॉपवरच्या टेक्स्ट फाइल, वॉलेटची एक्स्टेन्शन्स सगळं गोळा करून पाठवून देतो. ज्या कॉम्प्युटरवर असलं काही टाकलंय तिथे हार्डवेअर वॉलेट जोडू नका. जुना का असेना एक लॅपटॉप ओरिजिनल विंडोज किंवा लिनक्स टाकून फक्त याच कामाला ठेवा, त्यावर पोरांचे गेम नको, रिमोटची ॲप नको, ब्राउझरची नको ती एक्स्टेन्शन्स नको. काकांचा लॅपटॉप मी फॉरमॅट करून ओरिजिनल विंडोज टाकून दिला, लायसन्सचे पैसे लागले, ते द्यावेत.

फर्मवेअर, म्हणजे डिव्हाइसच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करताना शब्दांचा कागद घरात आहे याची आधी खात्री करा, अपडेट फक्त कंपनीच्या ॲपमधून घ्या, आणि लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर डेस्कटॉपऐवजी बॅटरी चार्ज असलेल्या लॅपटॉपवरून करा, मध्येच लाइट गेली तर बहुतेक वेळा परत करता येतं पण माणूस घाबरून नको तिथे फोन लावतो. पिनचंही तसंच, लेजरमध्ये तीनदा पिन चुकला की डिव्हाइस स्वतःला पुसून टाकतं, ट्रेझरमध्ये सोळा वेळा, पण शब्द असतील तर पैसे सुरक्षित आहेत. काम झालं की केबल काढून ठेवा, दिवसभर लावून ठेवायचं कारण नाही. आणि शब्दांचा फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने अशी मोबाइल ॲप शोधली होती जी गॅलरीतल्या फोटोंवरची अक्षरं वाचून हेच शब्द हुडकत होती, आणि ती प्ले स्टोअरवरही होती आणि ॲपलवरही.

संपादक साहेब, आपल्या पेपरात सायबर फसवणुकीच्या बातम्या रोज असतात, इतक्या लाखांना गंडा, तितक्या लाखांना गंडा. पण ती बातमी येते तेव्हा पैसे गेलेले असतात, आणि बँकेचा व्यवहार निदान १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन केला तर कधीकधी थांबवता येतो, बिटकॉइन एकदा गेला की तो परत फिरवणारी बँकच नाही. तरीही असं झालं तर १९३० ला फोन करा आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, लाज वाटून गप्प बसू नका, काका पण गप्पच बसणार होते. माझी विनंती अशी की आपण मराठीत, साध्या भाषेत, एक चौकट छापावी, डिव्हाइस जोडताना काय बघायचं त्याची. कंपन्यांची सगळी माहिती इंग्रजीत असते, ती इथल्या मुलांना कळते पण मुलं परदेशात आणि डिव्हाइस आईवडिलांच्या कपाटात अशी घरं नाशकात, पुण्यात खूप झालीत. आईवडिलांना मराठीत कोणी सांगत नाही, आणि हिंदीत गोड बोलणारा तो फोनवाला सांगतो. परदेशातल्या मुलांनाही माझं सांगणं आहे, डिव्हाइस देताना सोबत ओरिजिनल केबल चिकटपट्टीने डब्याला चिकटवून द्या, आणि एकदा व्हिडिओ कॉलवर आईवडिलांकडून जोडून घेऊन बघा, कागद कॅमेऱ्यासमोर न आणता.

माझं नाव आणि दुकानाचं नाव छापू नये. काका आमच्या भागात सगळ्यांना माहिती आहेत, दुकान कळलं तर माणूस कळेल, आणि कोणाकडे क्रिप्टो आहे हे चारचौघांत कळणं चांगलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समध्ये लेजरच्या एका सहसंस्थापकालाच घरातून उचलून नेलं होतं.

पत्र लांबलंय, सगळं छापायला जागा नसेल हे समजू शकतो. कापायचं झालं तर वझीरएक्स आणि बायबिटचं कापा, ते लोकांनी कुठेतरी वाचलेलं असेल. केबलचा परिच्छेद मात्र पूर्ण ठेवा.

आपला,
एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला,
नाशिक रोड